म्होरक्या नसलेला थवा

गेले दोन आठवडे संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातली अर्धी माणसं मागच्या खिडक्यांपाशी असतात. कारण भोरड्या! गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पाहुण्या मैना. मावळतीला चहूकडून लहान लहान टोळ्या येतात, एकमेकींत मिसळतात आणि मग जो काही प्रकार सुरू होतो... भलीमोठी काळी ओढणी कुणीतरी झटकावी तसा थवा फुगतो, पिळला जातो, मध्येच विरळ होतो. शिकरा दिसला की क्षणात घट्ट गोळा. अंधारायच्या आत सगळ्या मागच्या बाभळींत उतरतात आणि नुसता कलकलाट.

"यांचा लीडर कुठला रे?" आमच्या एका मॅनेजरने विचारलं. (मॅनेजरच विचारणार!)

गंमत म्हणजे, लीडर नसतोच. एडमंड सेलस या पक्षीनिरीक्षकाला १९३१ साली वाटलं होतं की पक्षी एकमेकांचे विचार वाचत असावेत. १९८६ मध्ये क्रेग रेनॉल्ड्सने कॉम्प्युटरवर दाखवलं की तीन साधे नियम पुरतात: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने उडा, फार लांब जाऊ नका. पुढे रोममध्ये जॉर्जो पारिसी आणि सहकाऱ्यांनी भोरड्यांच्या चुलत भावंडांचे थवे कॅमेऱ्यांनी टिपले. २००८ साली त्यांनी मांडलं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवतो, मग ते किती का अंतरावर असेनात. याच पारिसींना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात मुख्यतः दुसऱ्या कामासाठी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा एक मेल फिरली. पार्किंगमधल्या गाड्या घाण होतात, तेव्हा बाभळी तोडाव्यात, निदान फटाके तरी लावावेत. खाली "प्लस वन"ची रांग.

मला हे अजिबात पटत नाही. ज्वारी राखणारा शेतकरी भोरड्यांवर गोफण फिरवतो ते समजू शकतं, त्याच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न असतो. आपला प्रश्न काय, तर गाडीचा रंग! तो पाण्याच्या बादलीने सुटतो. शिवाय हे पाहुणे मध्य आशियातून, पूर्व युरोपातून येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. वाटेत पळस-पांगारा फुलला की मध पितात, एरवी नाकतोडे फस्त करतात. चीनच्या शिंज्यांगमध्ये तर टोळ खायला या याव्यात म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. आणि आपण असलेली झाडं तोडणार?

हजारो पक्ष्यांना रात्रीपुरतं एकत्र बसायला काटेरी, दाट, सुरक्षित झाडं लागतात. हिंजवडीत अशी किती उरली आहेत? शोभेच्या पामवर हा थवा उतरणार नाही. बाभळी गेल्या की तो दुसरीकडे जाईल, म्हणजे जिथे अजून कुणी मेल लिहिली नाही तिथे. अशी ठिकाणं दरवर्षी कमीच होत जाणार.

मी उत्तर धाडलंय: एप्रिलपर्यंत त्या बाजूची पार्किंगची एक रांग मोकळी ठेवू, बाकी काही करू नये. आत्तापर्यंत चौघांनी होकार दिलाय. शेजारचे सहा-सात पटले की पुरे, पुढचं थवा बघून घेईल. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर जरूर कळवा.