परद्वीपातील ऋषिपंचमी

परदेशी निघालेला प्रवासी तेथील हवामान, चलन आणि भाडेदर यांची कसोशीने चौकशी करतो. परंतु सरकारी सुट्यांचा तक्ता पाहण्याची तसदी बहुधा घेत नाही, आणि दुकाने बंद, कचेऱ्या बंद, गाड्या तुरळक अशा दिवशी तेथे पोहोचला की एक दिवस फुकट गेला म्हणून हळहळतो. माझ्या मते तोच दिवस सर्वांत मोलाचा होय. कारण एखादे राष्ट्र आपले नित्याचे व्यवहार थांबवून कशाचे स्मरण करू इच्छिते, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहावयास मिळते. मॉरिशसमध्ये मला याची प्रचीती आली.

त्या बेटाच्या सुट्यांचा तक्ता म्हणजे एक सनदच आहे. १२ मार्च हा १९६८ सालच्या स्वातंत्र्याचा दिवस. १ फेब्रुवारी हा १८३५ साली तेथील गुलामगिरी संपली त्याचे स्मरण, आणि २ नोव्हेंबर हे १८३४ साली हिंदुस्थानातून पहिले करारबद्ध मजूर तेथे उतरले त्याचे. या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत. गुलाम मुक्त होण्यास तीन महिने उरले असतानाच, उसाच्या मळ्यांवर त्यांची जागा घेणारे हात बंदरात हजर करण्यात आले होते! पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या वाटेने आली, आणि त्यांत रत्नागिरीकडील आपली माणसेही होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यांना चढाव्या लागलेल्या सोळा पायऱ्या आजही आहेत. त्या चढताना माझ्याच्याने बोलवेना.

आणि याच तक्त्यात गणेशचतुर्थी आहे. मौज अशी की ती सुटी अलीकडे चतुर्थीला नव्हे, तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऋषिपंचमीला असते. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, तर तेथील सुटी १ सप्टेंबरला. म्हणजे दीड दिवसाचा गणपती बोळवण्याची जी कोकणी चाल, तिला एका परक्या राष्ट्राच्या राजपत्राने मान्यता दिलेली आहे. त्या दिवशी किनाऱ्यावर उभा असताना मी पाहिले की एक मुलगा क्रिओल भाषेत धाकट्या भावाला लाटेपासून मागे सरण्यास दटावीत होता, आणि आरती सुरू होताच तोच मुलगा, शब्दांचे उच्चार किंचित वाकवीत परंतु एकही कडवे न चुकता, मराठीत गाऊ लागला. शेजारी वयस्क मंडळींनी ढोलकीवर जाखडीचा फेर धरला होता.

कल्याणजवळच्या आंबिवलीत हयात गेल्यामुळे मला या दृश्याचे महत्त्व विशेष वाटले असावे. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात नोकरीला आलेला आमचा कोकणी शेजार चतुर्थी जवळ आली की महिनाभर आधी रजेचा अर्ज देई, आणि ट्रंका, पडवळे, माटोळीचे सामान घेऊन कल्याणकडे जाणारी गाडी गाठी. चाकरमान्याला गाव होता, म्हणून तो रजा काढून गावी जाऊ शकला. ज्यांचा परतीचा मार्ग करारनाम्याने, दारिद्र्याने आणि अखेर काळाने बंद केला, त्यांनी मात्र पिढ्यान्पिढ्या तो सण परक्या मातीत असा चिकाटीने पाळला की शेवटी सरकारनेच त्या दिवशी कचेऱ्या बंद ठेवल्या. इतिहासात याची जितकी वाखाणणी व्हावयास हवी होती तितकी आपण केलेली नाही, असे मी निश्चयाने म्हणतो.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरील खूण, असा प्रत्येकाचा दाखला त्यांत आहे. ज्यांच्या घराण्यात कोणी पूर्वज गलबतावर चढून गेला तो परतलाच नाही अशी वदंता असेल, त्यांनी सुटीच्या आधीच्या आठवड्यात तेथे पोहोचावे, रीतसर अर्ज करून तो दप्तरखाना पाहावा, आणि मगच ऋषिपंचमीला समुद्रावर जावे.