परिस्थिती, की कुणीतरी दिलेली मोकळीक?



उन्हाळा संपला की आपल्यापैकी अनेकांची मुलं पहिल्यांदाच घर सोडून कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला जातील. सामानाच्या याद्या सुरू होण्याआधी घरी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा जरूर पाहावा असं मला वाटतं: काइल पॅट्रिक अल्वारेझ यांचा 'द स्टॅनफर्ड प्रिझन एक्सपेरिमेंट' (२०१५). यात भूत नाही, खून नाही, तरीही दोन तास जीव मुठीत धरून बसावं लागतं.

गोष्ट खरी आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये स्टॅनफर्डचे मानसशास्त्राचे प्राध्यापक फिलिप झिंबार्डो यांनी जाहिरात देऊन २४ कॉलेजविद्यार्थी निवडले. भत्ता रोजचे १५ डॉलर. काही जण पहारेकरी झाले, काही कैदी, आणि विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग उभा राहिला. कैद्यांना नावाऐवजी नंबर, मध्यरात्री उठवून हजेरी, शिक्षा म्हणून जोर, नुसत्या हातांनी संडास साफ करायला लावणं! दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी बंद करावा लागला.

सिनेमा संपल्यावर मनात येतं की परिस्थितीच अशी होती, कुणीही असंच वागलं असतं. झिंबार्डोंचा निष्कर्षही साधारण हाच होता. पुढे अबू ग्रैबच्या तुरुंगातल्या छळाबद्दल एका अमेरिकन सैनिकावर खटला चालला, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी बचाव पक्षातर्फे साक्षही दिली.

माझी हरकत नेमकी इथे आहे. तिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाने प्रयोगाची जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती तपासून २०१८ आणि २०१९ मध्ये जे मांडलं, त्यावरून पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या असं दिसतं. एका मवाळ पहारेकऱ्याला "जरा कडक हो" असं समजावल्याचं ध्वनिमुद्रणही आहे. २०२४ मध्ये निधन पावलेल्या झिंबार्डोंनी ही टीका मान्य केली नाही. पण सगळे पहारेकरी क्रूर झाले नव्हते, हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे. आणि प्रयोग थांबला तो क्रिस्टिना मास्लॅक या तरुण संशोधिकेने "तुम्ही या मुलांचं काय करताय?" असं ठणकावून विचारल्यामुळे.

म्हणजे परिस्थिती आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी घडवतं, कुणीतरी चालवतं आणि बाकीचे गप्प बसतात.

आपल्याला हे नवीन नाही. "आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा" हे रॅगिंगचं तत्त्वज्ञान आपल्यातल्या कितीतरी जणांनी होस्टेलमध्ये ऐकलं आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. इथे अमेरिकेत हेझिंगच्या घटना कॉलेजांनी जाहीर कराव्यात असा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. कायदा हवाच. पण बंद दाराआड रात्री दोन वाजता कायदा हजर नसतो, तिथे असतात फक्त मुलं.

आपण मुलांना "कुणी त्रास दिला तर सांग" असं बजावतो. "तुझ्यासमोर दुसऱ्याला त्रास होत असेल तर काय करशील?" हे मात्र सहसा विचारत नाही. सिनेमा पाहून झाल्यावर हा प्रश्न जरूर विचारा. उत्तरं काय आली, तेही कळवा.