वरचा थर सुका

पावसाळ्यात माहूरचा डोंगर हिरवागार होतो. मुलांना वझऱ्याचा शेख फरीद धबधबा आणि रामगड किल्ला दाखवायचा म्हणून आम्ही नांदेडहून निघालो. मुलांच्या हट्टाने लॉजऐवजी तंबूत राहायचे ठरले. मोबाईलवरच्या जाहिरातीत सारे होते: कुटुंबासाठी सुरक्षित, स्वतंत्र बाथरूम, चोवीस तास पाणी, हलाल जेवण. पूर्ण पैसे आगाऊ भरले.

पोहोचलो तेव्हा मगरिबची वेळ झाली होती. तंबू एकमेकांना चिकटून, आत सतरंजी ओली. सगळ्यांसाठी एकच बाथरूम, त्यालाही आतून कडी नाही. पाण्याचा ड्रम रिकामा. शेजारच्या तंबूत मोठ्याने गाणी आणि दारू. कोंबडी कुणी कापली, हे विचारले तर राखणदार पोराला सांगता येईना. आम्ही डाळ-भाकरीवर भागवले. अम्मींनी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने वुजू केला. मी आणि माझी मुलगी रात्रभर आळीपाळीने जागलो.

हे त्या पोरावर भडकले. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मी रोजंदारीवर आहे." आणि पावसात भिजत हातपंपावरून दोन बादल्या घेऊन आला. फोनवर मालकाचे उत्तर एकच, "पैसे परत मिळत नाहीत."

अम्मींनी यांना थांबवले. म्हणाल्या, "ज्याने फसवले तो घरी निजलाय. याला का बोलतोस?"

हदीसमधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. भिजणे हा गुन्हा नव्हता. लपवणे हा होता. तंबू साधा आहे, बाथरूम सामाईक आहे, एवढे खरे सांगितले असते तर आमची तक्रारच नव्हती.

भगिनींनो, सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी, दोन्हींची तक्रार करता येते. आधी 1915 या हेल्पलाईनवर सांगावे. तिथे तोडगा निघाला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जाहिरातीचा फोटो, पैसे भरल्याची नोंद आणि जागेचे फोटो जपून ठेवा. आम्ही तक्रार नोंदवली आहे. आणि बुकिंगआधीच विचारा: बाथरूमला कडी आहे का, पाणी कुठून येते, शेजारी कोण उतरते? आजचा व्हिडिओ मागा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका.

परतीच्या वाटेवर अम्मी यांना म्हणाल्या, "वरचा थर सुका ठेवायची सवय फक्त तंबूवाल्यालाच असते का रे?"

आमचे किराणा दुकान आहे. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर तुरीचे एक पोते बाजूला काढलेले होते आणि वर पाटी होती: जुनी डाळ, भाव कमी.