दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे मोल

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने भारतीय वेळेनुसार सकाळी चालतात. त्यामुळे शिरोळ-जयसिंगपूरकडच्या घरांतूनही शाळेची तयारी आणि मोबाइलवरचा गुणफलक या दोन गोष्टी एकाच वेळी चालू असलेल्या दिसू लागल्या आहेत. या खेळाच्या चाहत्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही : पूर्वेची कॉन्फरन्स बलवान की पश्चिमेची? एनबीएचे तीस संघ भूगोलानुसार पंधरा-पंधरांच्या दोन गटांत वाटलेले असून प्रत्येक गटाचा विजेता अंतिम फेरीत येतो. १९९९ ते २०२५ या सत्तावीस हंगामांत अठरा वेळा अजिंक्यपद पश्चिमेकडे गेले. हा आकडा ऐकला की वाद संपला असे वाटते. परंतु विजेत्यांची मोजदाद हे विजेत्याच्या बळाचे माप आहे, गटाच्या बळाचे नव्हे. हा भेद ध्यानात येण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही; रणजी करंडकाचा जुना इतिहास चाळला तरी पुरे.

१९३४-३५ साली सुरू झालेली ही स्पर्धा २००१-०२ पर्यंत, एका हंगामाचा अपवाद वगळता, विभागवार खेळली गेली. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि १९५२-५३ पासून मध्य. संघांनी आधी आपापल्या विभागात झुंजायचे आणि विभागाच्या विजेत्याने पुढे जायचे, अशी मूळची रीत होती. कोल्हापूर-सांगलीकडचे खेळाडू ज्या महाराष्ट्र संघातून खेळत, तो पश्चिम विभागात होता. पुढे संस्थाने विलीन झाल्यावर त्याचे शेजारी ठरले मुंबई, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. पहिल्या सोळा हंगामांतील बारा अजिंक्यपदे पश्चिमेने मिळवली, आणि तीही पाच वेगवेगळ्या संघांनी : मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, नवानगर व वेस्टर्न इंडिया. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकला. गट बलवान असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

त्यानंतर मुंबईचे युग आले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईतच राहिला. या पराक्रमाचे पोवाडे पुष्कळ झाले. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. १९६९-७० पर्यंत विभागातून एकच संघ पुढे जात असे. म्हणजे लागोपाठ बारा हंगाम महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र या चौघांपैकी कोणालाही बाद फेरीचे तोंड दिसले नाही. आधी बडोद्याकडून आणि नंतर महाराष्ट्राकडून खेळलेले चंदू बोर्डे हे त्या काळात भारताचे आघाडीचे कसोटीपटू होते. तरी त्यांच्याही संघाचा हंगाम दरवर्षी विभागातच आटोपे. इतर विभागांत अव्वल ठरलेला संघ त्याच वेळी उपांत्य सामन्याची तयारी करीत असे. तो संघ महाराष्ट्रापेक्षा सरस होता की नाही, हे ठरवण्याची सोयच नियमांत नव्हती.

ती सोय दोनदा झाली.

पहिली वेळ अपवादाच्या हंगामाची, १९४८-४९ ची. त्या वर्षी विभागांच्या भिंती नव्हत्या. शिरोळहून उदगाव-अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली की सांगली लागते, आणि उलट दिशेने गेले की कोल्हापूर. विजय हजारे सांगलीत जन्मले, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापुरात. हजारे बडोद्याचे झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ धावा केल्या आणि गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागीदारी रचली. निंबाळकर १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राकडून खेळत होते. त्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला; ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी पडल्या. (निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच लाभला नाही, ही हळहळ कोल्हापुरात अजूनही ऐकू येते.) त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत पुण्यात मुंबईने ६५१ व ७१४ आणि महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. दुसऱ्या बाजूने बडोदा अंतिम सामन्यात आला आणि मुंबईकडूनच पराभूत झाला. भिंती नसताना उपांत्य फेरीतील चारांपैकी तीन संघ पश्चिमेचे निघाले.

दुसरी वेळ १९७०-७१ ची. त्या वर्षापासून प्रत्येक विभागाचे दोन संघ पुढे जाऊ लागले, आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा झाला. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. तरी सुधीर नाईकांच्या मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली. हरूनही महाराष्ट्राने जे दाखवायचे ते दाखवले होते. आदल्या बारा वर्षांत दाराबाहेर थांबलेला संघ देशातला दुसऱ्या क्रमांकाचा असू शकत होता.

येथे उलट बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. १९६१-६२ पासून दुलीप करंडकासाठी विभागांचेच निवडक संघ एकमेकांशी खेळू लागले. पहिली चार वर्षे पश्चिम विजेता ठरला, त्यांपैकी एकदा दक्षिणेसह संयुक्तपणे. पुढे १९६५-६६ पासून सलग तीन वर्षे दक्षिण विभागाने हा करंडक नेला. आणि त्याच तीन वर्षांत रणजी करंडक मुंबईकडे होता. केवळ रणजीची यादी वाचणाऱ्याला दक्षिणेचे हे बळ दिसतच नाही. अर्थात दुलीप करंडकात विभागातले उत्तम अकरा खेळाडू मोजले जात. विभागातला तिसरा-चौथा संघ कसा आहे, हे त्यावरूनही कळत नसे.

एनबीएची रचना या बाबतीत अधिक शहाणी आहे. प्रत्येक संघाच्या ८२ सामन्यांपैकी ५२ स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये, तर ३० समोरच्या कॉन्फरन्सशी होतात. त्या तीस सामन्यांमुळे तुलनेला पाया मिळतो. अन्याय मात्र तेथेही टळत नाही. २००७-०८ मध्ये पश्चिमेचा गोल्डन स्टेट वॉरियर्स ४८ सामने जिंकूनही बाद फेरीबाहेर राहिला. पूर्वेचा अटलांटा हॉक्स ३७ विजयांवर आत गेला. गंमत अशी, की याच अटलांटाने त्या वर्षीच्या भावी विजेत्या बोस्टनला सात सामन्यांपर्यंत झुंजवले. सरासरीने दुबळ्या ठरलेल्या गटातला प्रत्येक संघ दुबळा असतोच असे नाही.

रणजी करंडकात १९९२-९३ पासून प्रत्येक विभागाचे तीन संघ पुढे घेतले जाऊ लागले. त्याही वर्षी महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला आणि पंजाबकडून हरला. २००२-०३ मध्ये विभागच मोडून एलिट व प्लेट असे गुणवत्तेवर आधारलेले गट आले. त्या नव्या व्यवस्थेत २०१३-१४ साली महाराष्ट्राने पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे कर्नाटक सरस ठरला. देवधरांच्या संघानंतर महाराष्ट्राला हा करंडक अद्याप मिळालेला नाही.