पडदा थरथरतो? आधी शेजार पाहा

एका भगिनीचा प्रश्न आहे: "संगणकाच्या जुन्या मॉनिटरवर अक्षरं पाण्यात हलल्यासारखी हलतात. दुरुस्तीवाला म्हणतो, ट्यूब गेली. मुलगी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते आहे, आणि नवा पडदा घ्यायला या महिन्यात जमणार नाही. काय करावं?"

गणपतीला येताना चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेले असे पाठ फुगीर मॉनिटर आमच्या ओरोस-कुडाळकडच्या घरांतून अजून कुठे कुठे चालू आहेत. ते बिघडले की बायकामंडळी हात लावायला घाबरतात आणि कुणी सांगेल ते मान्य करतात. खरं म्हणजे ट्यूब गेली की चित्र बहुधा अंधूक होतं, पुसट होतं. थरथरणाऱ्या चित्राचं कारण पुष्कळदा मॉनिटरच्या बाहेरच सापडतं, आणि ते शोधायला पैसा लागत नाही.

या मॉनिटरमध्ये काचेची मोठी नळी असते. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये अशी नळी तयार केली. नळीच्या शेपटाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि तारेच्या वेटोळ्यांतलं चुंबकत्व त्याला पडद्यावर ओळीओळीने फिरवतं. जवळ दुसरं चुंबकत्व आलं की हा झोत हलतो. रांगोळीची रेघ ओढताना कुणी कोपराला धक्का द्यावा, तसंच.

म्हणून आधी शेजार पाहा. मॉनिटरला लागून स्टॅबिलायझर, टेबलफॅन किंवा मोठा स्पीकर आहे का? भिंतीच्या पलीकडे फ्रीज किंवा मीटरचा बोर्ड आहे का? एकेक वस्तू बंद करा आणि पडद्याकडे पाहा. दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. मग मॉनिटर बंद करून, दोघींनी धरून तीन-चार फूट बाजूला ठेवा आणि पुन्हा लावा. थरथर थांबली तर दुखणं जागेचं होतं.

आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो म्हणून स्टॅबिलायझर आणतात आणि जागा वाचवायला मॉनिटरच्या कुशीतच ठेवतात. त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो. तोच कित्येकदा चित्र हलवतो! मॉनिटरच्या मागची पट्टी वाचा. तिच्यावर १००-२४० व्होल्ट असं लिहिलं असेल, तर कमी दाबासाठी वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागतच नाही.

आता वायर. संगणकाकडून येणाऱ्या वायरच्या टोकाला बारीक टाचण्यांचा निळा प्लग असतो. दोन्ही यंत्रं बंद करून तो काढा. खाऱ्या हवेने टाचण्यांवर गंज किंवा हिरवट थर चढला आहे का, एखादी वाकली आहे का, ते पाहा. एखाददुसरी टाचणी मुळातच नसते, त्याची काळजी नको. कोरड्या ब्रशने साफ करून प्लग नीट बसवा आणि बाजूचे स्क्रू आवळा. चित्र अचानक पिवळट, जांभळट किंवा हिरवट-निळं होत असेल, तर एखादा रंग पोचत नाही असं समजा. पहिला संशय या वायरवरच घ्या.

तिसरी गोष्ट संगणकाच्या आत आहे, पण पेचकस लागत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट असतो, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा. तो ६० असेल तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. शिवाय घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा उपद्रव असेल तर दोहोंतल्या फरकाने चित्र सेकंदाला १० वेळा डुलतं. मॉनिटरला झेपत असेल तर ७५ किंवा ८५ ठेवून पाहा. पडदा काळा झाला तर घाबरू नका, काही न दाबता थोडं थांबा; विंडोज बहुधा आपणहून जुन्या आकड्यावर येतं. त्याहून वरचा आकडा मात्र हावेने निवडू नका.

एवढं करूनही चित्र हलतं? मग निळा प्लग काढून फक्त मॉनिटर चालू करा. पडद्यावर सिग्नल नाही अशी पाटी येते. ती पाटीही थरथरत असेल तर दोष बहुधा मॉनिटरचा. ती स्थिर असेल तर वायर किंवा संगणक तपासायचा.

चित्र आक्रसतं-फुगतं तेव्हा पंखाही मंदावतो का, ते पाहा. मंदावत असेल तर दाब पडतो आहे. पंखा ठीक असेल तर आतला एखादा भाग जुना झाला असावा. पावसाळ्यात चट्‌चट्‌ आवाज किंवा उग्र वास आला तर लगेच बंद करून प्लग काढा. दमट हवेने आत ठिणगी पडत असते. चालू मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल घालू नका, वरच्या फटींतून त्याला श्वास घ्यायचा असतो. बंद करून गार झाल्यावर खुशाल झाका.

आणि काहीही झालं तरी मागचं झाकण उघडू नका! नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत साठून राहू शकतात. मुलांना आणि हौशी दिरांनाही हे बजावून ठेवा.

मॉनिटर खरोखरच संपला, तर भंगारात फोडायला देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणी असलेल्या ठिकाणीच जायला हवा.

तोवर एक कागद घ्या. चित्र कधी हलतं, काय बंद केल्यावर थांबतं, पाटी हलते की नाही, हे चार ओळींत लिहा आणि दुरुस्तीवाल्याच्या हातात द्या. मग त्याला नुसतं "ट्यूब गेली" म्हणून भागणार नाही, आणि जाणकार माणूस असेल तर त्याचंही निम्मं काम झालेलं असेल.