आपलं नाव दुसरीनं ठेवलं तर?

घरात पाळणा हलणार असे कळले की दुपटी-झबली नंतर निघतात, नावांची वही आधी निघते. पूर्वी बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करीपर्यंत नावाचा पत्ता कुणाला नसे. हल्ली सातव्या महिन्यातच दोन नावे पक्की होतात, एक मुलाचे नि एक मुलीचे. आणि मग नवीनच काळजी लागते. बाळ येईपर्यंत हे नाव घरोघरी होऊन बसलं तर?

ही काळजी हसण्यावारी नेऊ नका. आमच्या नात्यातल्या दोघी जावांना दोन महिन्यांच्या अंतराने मुली झाल्या. दोघींच्याही मनात 'स्वरा'. आधी बाळंत झाली तिने ते ठेवले. "माझं नाव चोरलं हिनं!" असे म्हणून दुसरी बारशालाही गेली नाही. एरवी एका ताटात जेवणाऱ्या दोघींत नावापायी अबोला आला.

पण मैत्रिणींनो, नाव का कुणी चोरते? आपल्याला ते सुचते कुठून, ते पाहा ना! एखादी मालिका, एखादे गाणे, सिनेमातली गोड नायिका, नाहीतर बाळाच्या नक्षत्राचे अक्षर. हेच वारे शेजारणीच्या खिडकीतूनही आत येते. तुम्हाला आवडलेले नाव आणखी चौघींना आवडणारच. आज एकटे वाटणारे नाव बाळ बालवाडीत जाईपर्यंत एकटे राहील, याची हमी कोण देणार?

आणि एका नावाची दोन माणसे असली म्हणून बिघडते कुठे? पेशव्यांच्या घरातच पाहा. थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले. त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांना १७७४ मध्ये मुलगा झाला (नारायणरावांचा खून त्याच्या आदल्याच वर्षी झालेला). त्याचेही नाव माधवरावच ठेवले. एक थोरले, दुसरे सवाई. इतिहासात त्यांची गल्लत कुणी करीत नाही. सचिन तेंडुलकरचा जन्म १९७३ चा. संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून वडिलांनी ते नाव ठेवले. सचिन नावाची माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील, तरी क्रिकेटच्या गप्पांत 'कोणता सचिन?' असे कुणी विचारत नाही.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून दुसरी बाजूही सांगते. वर्गात तीन आर्या असल्या की हाक मारताच तीन माना वळतात. यात मुलींना दुःख नसते, उलट गंमतच वाटते. दुःख असते ते पुढे लागणाऱ्या शेपटाचे. 'चष्मेवाली आर्या', 'जाडी आर्या' असे मुलेच ठरवून टाकतात आणि ते दहावीपर्यंत सुटत नाही. म्हणून वर्गात नावे सारखी असतील तर जूनमध्येच बाईंना भेटा. "हिला आडनावासकट हाक मारा" असे सांगा. एवढ्याने काम होते.

उलट, जगात कुणाचे नसेल असे नाव हुडकून ठेवलेली मुलेही मी पाहते. हजेरी घेताना मी अडखळते, मूल उभे राहून नाव दुरुस्त करते, मग अर्थ सांगते. दर जूनला नव्या बाई नि पुन्हा तेच. आपली हौस होते, पण निभवावे लागते लेकराला!

तेव्हा नाव पक्के करण्यापूर्वी एवढे करून बघा. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलाला बोलवावे तशी मोठ्याने हाक मारा. घरातल्या आजींना ते नीट म्हणता येते का, ते ऐका. मग पूर्ण नाव कागदावर लिहा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असते. आता आडनाव सारखे असले तरी आईबापांच्या नावासकट दुसरी स्वरा सापडणे कठीणच!

इस्पितळातून निघताना नाव सांगण्याची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण बाळाचे नाव मागाहून घालता येते. वर्षाच्या आत फी पडत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. एकदा घातलेले नाव बदलायचे म्हणजे मात्र खेटे आलेच. म्हणून बाळाला चार दिवस त्या नावाने हाक मारा आणि मगच लिहून द्या.

आणि एक, मनातले नाव कुलपात ठेवू नका. जावेला, नणंदेला मोकळेपणाने सांगा, "मुलगी झाली तर माझ्या मनात हे आहे हं." तिच्याही मनात तेच निघाले तर बसून बोला, वाटल्यास दोघीही ठेवा. एका घरात थोरली स्वरा नि धाकटी स्वरा खुशाल नांदतील. बाळाला नावाची वाटेकरीण असली तरी चालते, पण बारशाला काकू हवीच!