वीज पिकवणारी वसाहत

जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात, फाउबान वस्तीला लागून, वास्तुविशारद रोल्फ डिश यांनी 59 घरांची सौर वसाहत उभारली. तिथली घरे वर्षभरात वापरतात त्याहून अधिक वीज तयार करतात. छपरांवर सौर पॅनेल, दक्षिणेला मोठ्या खिडक्या. छपराचा पुढे आलेला भाग उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन अडवतो. हिवाळ्यातले तिरपे ऊन मात्र थेट खोलीत शिरते. भिंती उष्णतारोधक असल्याने घर तापवायला फारच थोडी ऊर्जा लागते.

अशी घरे लोक घेतील का? ग्राहक आधी किंमत आणि कर्जाचा हप्ता पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. जर्मनीच्या 2000 सालच्या अक्षय ऊर्जा कायद्याने ग्रिडला दिलेल्या सौर विजेला 20 वर्षे ठरावीक दराची हमी दिली आणि घराच्या हिशेबात जमेची बाजू उभी राहिली. शेजारच्या फाउबानमध्ये आणखी एक कसोटी होती, मोटारीची. बहुतेक निवासी गल्ल्यांत दारात गाडी ठेवता येत नाही. ती वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात लावावी लागते. तरीही कुटुंबे राहायला आली. ट्राम हाकेच्या अंतरावर आहे, मुले रस्त्यावर निर्धास्त खेळतात. नुसती पॅनेल बसवून इथे राहण्याची ही ओढ निर्माण झाली नसती.